घड्याळाचा मान

दाक्षायणी बिराजदार बाईंना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सोलापुरातल्या पोहण्याच्या तलावावर त्यांचा असा काही दरारा होता, की नवख्या माणसाला वाटावं ही बाई जन्मापासून पाण्यातच राहिली असेल. प्रत्यक्षात त्या काठापासून चार हात लांब, पदर खोचून उभ्या राहायच्या. पाण्यातलं पोर पोहतंय की बुडतंय, याबद्दल त्यांना शेवटपर्यंत शंकाच असायची.

बाई महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवत. नवरा रेल्वेत गार्ड, म्हणजे घरी असला तर असला. एकुलती एक मुलगी हेमावती, वळसंगला आजोळच्या विहिरीत सहाव्या वर्षी पोहायला शिकली. मामानं पाठीला भोपळा बांधून तिला आत ढकललं, तर चार दिवसांत पोरीनं भोपळा सोडून फेकून दिला. तेव्हा बाईंनी भावाशी महिनाभर अबोला धरला होता. पुढं शहरात तलावावरच्या महिपती मास्तरांनी हेमावतीला पाहिलं आणि बाईंना घरी येऊन सांगितलं, "ही पोरगी मला द्या. जिल्ह्यात हिच्यासारखा हात कुणाचा न्हाय." बाईंनी चहा दिला, पोरगीही दिली.

आता १९७५ सालच्या जिल्हा स्पर्धेचं सांगतो. सांगताना अजून राग येतो. हेमावती शंभर मीटर पोहली, पहिली आली, आणि मास्तरांच्या घड्याळात तिची वेळ राज्य स्पर्धेच्या पात्रतेच्या आत भरली. पोरगी नाचत घरी गेली. पंधरा दिवसांनी पुण्याहून पत्र आलं: प्रत्येक पोहणाऱ्यावर तीन घड्याळांची नोंद नसल्यामुळे सदर वेळ ग्राह्य धरता येत नाही. सदर वेळ! त्या सदर वेळेसाठी पोरीनं वर्षभर पहाटेच्या गार पाण्यात उड्या मारल्या होत्या.

चूक पुण्याची नव्हती, हे बाईंना पत्र तिसऱ्यांदा वाचताना कळलं. तलावात दोर बांधून चार लेन केलेल्या. एकेका लेनवर तीन घड्याळं धरायची म्हणजे बारा माणसं. शिवाय वळण नीट घेतलं का ते बघायला, पोरांना क्रमानं उभं करायला, आधी कोण शिवलं ते सांगायला, सगळी मिळून पंचवीस माणसं लागतात. त्या दिवशी किती होती? मास्तर, एक बहिरा शिपाई आणि शेंगावाला. पालक पोरांना फाटकात सोडून पसार झाले होते. खुद्द बाई झाडाखाली बसून मुलांच्या वह्या तपासत होत्या. ही शेवटची गोष्ट त्यांना फार लागली. पत्र घडी करून त्यांनी पोळपाटाखाली ठेवलं.

पुढची स्पर्धा ऑक्टोबरात होती. डिसेंबरात हेमावतीला चौदा पूर्ण होणार, म्हणजे लहान गटातली तिची ती शेवटची संधी. मोठ्या गटात पुण्या-मुंबईच्या थोराड पोरी. तिथं पात्रतेची वेळ अशी, की ती ऐकूनच सोलापूरच्या पोरांचा दम जायचा. म्हणजे या खेपेला पंचवीस माणसं उभी राहिली तरच पोरीला काही आशा. बाईंनी मास्तरांना सांगितलं, "पोहायला तुम्ही शिकवा. माणसं मी आणते."

मास्तर हसले. त्यांनी सात वर्षं तलावाच्या फळ्यावर खडूनं 'पालकांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती' असं लिहिलं होतं, आणि सात वर्षं त्या विनंतीवर फक्त धूळ बसली होती.

बाई घरोघर फिरल्या. मिलमध्ये मागावर काम करणाऱ्या येडूनं हात जोडले, "बाई, माजी रातपाळी. सकाळी डोळा उगडत न्हाय." चादरींचे व्यापारी शरणप्पा शेटे म्हणाले, "माणूस पाठवतो की एक, दुकानातला." त्यांना वाटलं, पोती उचलायची असतील. मिलच्या दरवाज्याजवळ कामगारांसाठी भाकरी करणारी काशम्मा तर तव्यावरून नजरही न काढता म्हणाली, "बाई, माजी चूल कोन बगंल? तासाभराची मदत म्हनता, पर तासात माज्या चाळीस भाकरी हुत्यात." तिचं पोरगं ज्ञानू दहा वर्षांखालच्या गटात पोहायचं आणि रोज तलावातून थेट चुलीपाशी येऊन गरम भाकरीवर तुटून पडायचं.

दीड महिन्यात सव्वीस घरं झाली आणि होकार मिळाले दोन. त्यातला एक बाईंच्या नवऱ्याचा, आणि गार्डाची ड्यूटी कधी लागेल त्याचा भरवसा नाही, म्हणजे तोही अर्धाच.

जानेवारीत गावदेवाची गड्ड्याची जत्रा भरली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाई मिलच्या रस्त्यानं घरी चालल्या होत्या, तर काशम्माची चूल बंद. झोपडीपुढं सडा, रांगोळी, आणि काशम्मा नवी इरकल नेसून उंबऱ्यात बसलेली. बाई थबकल्या.

"चूल बंद?"

"चार दिस बंद. देवाच्या काठ्यांच्या मिरवणुकीत आमच्या घराला दिवटीचा मान हाय. दीर धरतोय, आमी तेल घालायला संगं चालायचं."

बाईंचं डोकं भडकलं. त्यांचं डोकं लवकर भडकायचं, हे तिसरीच्या मुलांना विचारा. "मी तासभर बोलावलं तर चाळीस भाकऱ्या आडव्या आल्या. आता चार दिवसांच्या किती झाल्या?"

काशम्मानं बाईंकडं असं बघितलं, जसं काही शिकल्या-सवरल्या बाईनं अगदीच खुळ्यागत विचारलंय. "ती मदत हुती बाई. ह्यो मान हाय."

बाई घरी आल्या. वाटेत भाजी घ्यायची विसरल्या. उभं सोलापूर या चार दिवसांत कशावर चालतं ते त्या लहानपणापासून बघत होत्या. कुणी काठी धरायची, कुणी दोर, कुणी नुसतं पुढं होऊन वाट मोकळी करायची. ज्याचं त्याचं काम ठरलेलं, आणि त्या कामासाठी माणूस परगावाहून रजा काढून येतो. त्याला कुणी नम्र विनंती करत नाही. उलट त्याला वगळून बघा, तीन पिढ्या बोलणार नाही तो तुमच्याशी. आणि आपण मात्र सव्वीस घरांत भीक मागितल्यासारखं तोंड करून गेलो! बाईंना स्वतःचंच हसू आलं, मग स्वतःचाच राग आला, आणि मग त्यांनी पाटी घेऊन यादी करायला सुरुवात केली.

ऑगस्टात बाई पुन्हा निघाल्या. या वेळी हातात तबक, तबकात हळदकुंकू, अक्षता, विड्याची पानं. बरोबर हेमावती, धुतलेल्या परकरात. येडूच्या दारात उभं राहून बाईंनी शाळेतला खणखणीत आवाज लावला, "तीन नंबरच्या लेनवरच्या पहिल्या घड्याळाचा मान यंदा तुमच्या घराला दिलाय. विडा घ्या."

येडू बनियनवर बाहेर आला होता. तो आत गेला, सदरा घालून, टोपी चढवून परत आला आणि दोन्ही हातांनी विडा घेतला. रातपाळीचं नावही निघालं नाही. बायको म्हणाली, "दुसरं घड्याळ कुणाला हाय?" बाई म्हणाल्या, "काशम्माला." बायको म्हणाली, "आन् पयलं आमाला," आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली.

आठवड्यात पंचवीस विडे संपले. खरी पंचाईत पुढं झाली. शरणप्पा शेटे स्वतः बाईंच्या घरी आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "आमच्या घराला चार नंबरची लेन? कडंची? आम्ही काय कडंची माणसं आहोत का?" त्यांना मधली लेन हवी होती, जिथून सगळ्यांत वेगवान पोर पोहतं. शेवटी त्यांना तीन नंबरवरचं तिसरं घड्याळ द्यावं लागलं. दोन साडू एका घंटेवरून भांडले, म्हणून एकानं घंटा धरायची आणि दुसऱ्यानं वाजवायची असं ठरलं. सारजाबाई म्हणून एक होती, तिच्या पोरानं पोहणं सोडून तालीम धरली होती. तिला यादीतून काढलं तर ती तलावावर येऊन भांडली, "पोरानं सोडलं म्हून मान सुटतोय व्हय?" तिला वळणं बघायला ठेवलं. माणसं पंचवीसची एकतीस झाली. मास्तर डोकं धरून बसले, पण आता त्यांच्या तोंडावर हसू होतं.

मान दिला म्हणून अंगठा शिकत नाही. बाईंनी सप्टेंबरभर दर रविवारी शाळेच्या आवारात तालीम घेतली. बाईंनी कॉलेजातून आणि इकडून तिकडून घड्याळं मागून आणली. पोरांना लिंबापासून नळापर्यंत पळवायचं आणि सगळ्यांनी वेळ धरायची. मास्तरांनी शिकवलं, पिस्तुलाच्या बाराचा आवाज ऐकून कळ दाबू नका, आवाज कानाला उशिरा येतो. धूर दिसला की दाबा. धावणारा पोचतोय असं वाटलं म्हणून दाबू नका, हात नळाला लागला की दाबा. येडूला हे एका रविवारात जमलं. मागावर धागा तुटला की त्याचा हात डोळ्याच्या आधी जायचा. शरणप्पांना मात्र कधीच जमलं नाही. ते घाईचे मनुष्य. पोरगं नळाला शिवायच्या आत त्यांचा अंगठा खाली, दर वेळी तीन-चार दशांश आधी. बाईंनी दहा वेळा सांगितलं. पण दिलेला मान परत कसा घ्यायचा?

सगळ्यांत पक्की निघाली काशम्मा. तिला अक्षरओळख नव्हती, आकडाही वाचता यायचा नाही. पण मास्तरांच्या घड्याळाशी तिचं घड्याळ लावून बघितलं, तर दहातल्या आठ वेळा काटा तिथल्या तिथं. "हे कसं काय?" मास्तरांनी विचारलं. काशम्मा म्हणाली, "भाकरी कवा उलटायची हे काय वाचून कळतंय व्हय?" ठरलं असं, की कळ काशम्मानं दाबायची आणि काटा बाईंनी वाचायचा. बाई तशाही नोंदींच्या टेबलावर बसणार होत्या. लिहायचं काम कुणीच मान म्हणून मागितलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेसातला पुण्याचे निरीक्षक फाटकात शिरले आणि तिथंच उभे राहिले. एकतीस माणसं काठावर आपापल्या जागी उभी होती. फेटे, टोप्या, इरकली, एका गृहस्थाचा तर लग्नातला कोट. घंटेला झेंडूची माळ. घड्याळं आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी दिली होती, आणि कुणी सांगितलेलं नसताना प्रत्येक घरी त्यांची पूजा झालेली. बाराही घड्याळांच्या काचांवर हळदकुंकू! निरीक्षक खिशातून रुमाल काढून एकेक काच पुसत निघाले. एका घड्याळात कुंकू कळीपर्यंत गेलं होतं, ते बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचं जादा घड्याळ दिलं. काशम्माला आकडा वाचता येत नाही हे कळल्यावर ते जरा थांबले. बाई पुढं झाल्या, "तिचा अंगठा तपासून बघा आणि मग बोला." त्यांनी तपासला, तीनदा. मग तिचं घड्याळ तिच्या हातात परत दिलं. त्या क्षणी बाईंची छाती अशी भरून आली, की आपली मुलगी अजून पाण्यात उतरायची आहे हेही त्या विसरल्या.

शर्यती सुरू झाल्या. ज्ञानू तिसरा आला. काशम्मानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही, कारण तेव्हा तिच्या लेनमध्ये दुसऱ्याचं पोर होतं. दहाच्या सुमाराला चौदा वर्षांखालच्या मुलींचे शंभर मीटर पुकारले. हेमावती तीन नंबरला. पात्रतेची वेळ एक मिनिट पंचवीस सेकंद, हे आता काठावरच्या प्रत्येकाला पाठ होतं.

धूर उठला. बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. चार फेऱ्यांची ती शर्यत त्यांनी खरं म्हणजे बघितलीच नाही. त्यांना फक्त पाणी उडताना दिसलं आणि शेवटी पोरीचा हात भिंतीवर आदळताना दिसला. पहिली! कडेची माणसं ओरडायला लागली. त्या गलक्यातच शरणप्पांनी घड्याळ डोक्यावर धरलं, "एक चोवीस आठ! बाई, एक चोवीस आठ!" आणि सगळा तलाव नाचायला लागला. मास्तरांनी टोपी उडवली.

येडू टेबलाशी आला. रातपाळी करून थेट आलेला, डोळे लाल, पण सदरा इस्तरीचा. त्यानं घड्याळ बाईंपुढं धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "एक पंचवीस दोन." मग खाली बघत राहिला. "बाई, माजं असंच आलंय."

बाईंनी लिहिलं. नियम साधा होता: तिन्हींतली जी दोन घड्याळं जुळतील, ती वेळ खरी.

काशम्मानं घड्याळ पुढं केलं. "नोडरी बाई," तिच्या तोंडून कानडी निघालं, "तुमीच बगा."

मोठा काटा पंचवीसच्या पुढं दोन घरं.

निरीक्षक पलीकडं दुसऱ्या लेनवर होते. मास्तर टोपी शोधत होते. हे घड्याळ वाचायचं काम एकट्या बाईंचं होतं, आणि वाचून झालं की कळ दाबून काटा शून्यावर न्यायचा होता, पुढच्या शर्यतीसाठी. मागं काहीच राहणार नव्हतं. चोवीस आठ असं म्हटलं, की पोरगी राज्य स्पर्धेला. लपवायचं कशाला, बाईंच्या ओठांवर ते आलं होतं. गेल्या वर्षी खरी वेळ कागदावर आली नाही, मग यंदा चार दशांश इकडचे तिकडे झाले तर कुणाचं काय जातं?

जाणार होतं येडूचं. चोवीस आठ दोनदा लिहिलं गेलं असतं, तर येडूचं घड्याळ खोटं ठरलं असतं. सगळ्यांच्या देखत, त्याच्या बायकोच्या देखत, रातपाळीच्या डोळ्यांनी चुकलेला माणूस ठरला असता तो. आणि घाई करणारे शरणप्पा खरे. काशम्मा समोर उभी होती, आपल्या कामाचा निकाल ऐकायला ताठ. "बरुबर हाय न्हवं? म्या धूर बगूनच दाबलंय, आन् हात लागल्यावरच."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे, काशम्मा." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतलाच निघाला. "एक पंचवीस दोन."

येडूनं मान वर केली. भाकऱ्या थापणारी बाई आणि माग चालवणारा गडी, दोन ठिकाणी उभे, एकमेकांना न विचारता, दशांशाचासुद्धा फरक नाही. बाईंनी तो आकडा वहीत लिहिला, शाईनं, आणि काशम्माच्या घड्याळाची कळ स्वतःच्या अंगठ्यानं दाबली. मग ध्वनिक्षेपक हातात घेतला. निकाल सांगायचं काम मास्तरांचं होतं, पण त्यांना घसा साफ करायची उसंतही बाईंनी दिली नाही.

"शंभर मीटर, चौदा वर्षांखालील मुली. पहिली, हेमावती बिराजदार. वेळ एक मिनिट पंचवीस सेकंद दोन दशांश. वेळ धरणारे, येडू आणि काशम्मा."

वेळ धरणाऱ्यांची नावं पुकारायची पद्धत कुठंच नाही. निरीक्षकांनी चमकून वर बघितलं. आकड्याचा अर्थ तलावावरच्या सगळ्यांना कळला होता. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवायला सुरुवात केली. शरणप्पा घड्याळाकडं बघत, मान हलवत पुटपुटले, "अंगठा पळाला बघा माझा," आणि मग त्यांनीही वाजवली.

हेमावती अजून पाण्यातच होती, दोराला धरून. तिनं खालूनच विचारलं, "आई, तिन्ही घड्याळं होती?"

"तिन्ही होती."

"पुण्याचं पत्र येणार नाही ना आता?"

"नाही येणार. ही वेळ लागली बाळा. ही तुझी."

पोरीनं डोळे मिटून एकदा डोकं पाण्याखाली घातलं, बराच वेळ. बाईंना नेहमीची शंका आली आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा अगदी काठापर्यंत गेल्या. हेमावती वर आली, नाक पुसलं आणि म्हणाली, "मोठ्या गटाची वेळ किती असते, ते मास्तरांना विचारून ठेव."

त्या दिवशी सोलापूरच्या अडतीस पोरांच्या वेळा पुण्यानं जशाच्या तशा मान्य केल्या आणि त्यातली दोन मुलं राज्य स्पर्धेला गेली. त्यांना घेऊन दाक्षायणी बाई गेल्या. तिथं एका लेनवर एक वेळ धरणारा कमी पडला, तेव्हा कुणी विचारायच्या आत बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी घड्याळासाठी हात पुढं केला.